ओळख पटण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक होती हे कळायला बराच काळ जावा लागला. कळल्यावर जिच्यापाशी ती कबूल करायची ती विद्यार्थिनी कुठे आहे हे ठाऊक नव्हते. म्हणून हे लिहीत आहोत.

ललित गद्याचा अभ्यासक्रम चालू होता. वस्तूकडे पाहून लिहिणे म्हणजे काय, हे नुसते सांगण्यापेक्षा दाखवावे असे आम्हांला वाटले. त्या सुमारास झिया गाफिच या बोस्नियन छायाचित्रकाराची काही छायाचित्रे आमच्या पाहण्यात आली होती. ती आम्ही पडद्यावर दाखवली. एक मनगटी घड्याळ. एक बूट. एक चष्मा. प्रत्येक वस्तू एकटी, वरून टिपलेली. मागे काही नाही, सावलीचा खेळ नाही. पहिल्या नजरेला एखाद्या दुकानाच्या मालाची यादी वाटावी इतकी साधी छायाचित्रे. नंतर आम्ही सांगितले की या वस्तू बोस्नियाच्या युद्धातल्या सामूहिक कबरींतून बाहेर काढलेल्या आहेत, मृतदेहांबरोबर सापडलेल्या आहेत. वर्गात शांतता पसरली. ती शांतता आम्हांला आवडली, हेही कबूल केले पाहिजे. मग आम्ही म्हणालो, “यांतली एक वस्तू निवडा आणि तिची गोष्ट लिहा.”

चूक ती हीच. पण ती चूक का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

*

११ जुलै १९९५ रोजी पूर्व बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे गाव बोस्नियन सर्ब सैन्याच्या हाती पडले. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये त्याला ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले होते. पुढील काही दिवसांत आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. बायका आणि लहान मुले बसगाड्यांत भरून बाहेर पाठवली गेली. पुरुषांपैकी बरेच जण रांगेने जंगलातून तुझला शहराच्या दिशेने निघाले, बाकीचे पोटोचारी येथे, जुन्या बॅटरी कारखान्यातील डच शांतिसैनिकांच्या तळाजवळ, आपल्या कुटुंबांपासून वेगळे काढले गेले. निघताना माणसाने खिशात जे ठेवले असेल ते त्याच्याबरोबर जमिनीत गेले.

पण गोष्ट इथे थांबत नाही. मारणाऱ्यांनी त्याच वर्षी शरद ऋतूत त्या कबरी पुन्हा उकरल्या. यंत्रे लावून मृतदेह काढले, मालमोटारींत भरले आणि दूरच्या, आडबाजूच्या खड्ड्यांत नेऊन टाकले. पुरावा लपवणे हा हेतू होता. यंत्राच्या दातांना माणूस अखंड उचलता येत नाही. परिणामी एकाच माणसाचे अवशेष वेगवेगळ्या कबरींत, कधी कित्येक मैलांच्या अंतरावर, सापडू लागले. संपूर्ण बोस्नियात युद्धाच्या अखेरीस तीस हजारांहून अधिक माणसे बेपत्ता होती. त्यांतील बहुतेकांचा शोध आता लागला असला तरी सात हजारांच्या आसपास माणसे आजही सापडलेली नाहीत.

अशा स्थितीत वस्तूंना विलक्षण महत्त्व आले. चेहरा उरलेला नाही, हाडे कुणाची ते कळत नाही. पण विणलेला स्वेटर उरतो, किल्ली उरते, चष्म्याची काच उरते. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने अशा वस्तूंच्या आणि कपड्यांच्या छायाचित्रांचे पुस्तकच तयार केले आणि ते बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांपुढे ठेवले. बायका टेबलाशी बसून पान उलटत. या प्रसंगाविषयी जे लिहिले गेले आहे त्यातली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. कापड पाहून ओळख पटली असे क्वचित घडे, कारण वेढ्याच्या काळात मदतीत आलेले सारखेच कपडे आणि सारखेच बूट अनेकांच्या अंगावर होते. ओळख पटे ती ठिगळावरून. गुडघ्यावर लावलेला तुकडा, त्याच्या कडेने घातलेले टाके, हाताशी होता तो दोरा. बाई नवऱ्याचा कपडा ओळखत नव्हती. ती स्वतःचा हात ओळखत होती.

अर्थात या मार्गाने फार थोड्या माणसांची ओळख पटली, आणि पटली असे वाटले तरी तिची खात्री देणे अवघड होते. खरा बदल झाला तो डीएनएमुळे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या बेपत्ता व्यक्तींविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने हजारो नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि ते हाडांशी ताडून पाहण्याची पद्धत उभी केली. या पद्धतीने पहिली ओळख नोव्हेंबर २००१ मध्ये पटली. ती एका पंधरा वर्षांच्या मुलाची होती. पुढे स्रेब्रेनित्साच्या मृतांपैकी जवळजवळ सात हजार जणांची नावे याच पद्धतीने परत मिळाली. या सगळ्या प्रवासाचा अभ्यास सारा वॅग्नर या मानवशास्त्रज्ञ बाईंनी २००८ च्या आपल्या ग्रंथात केला आहे. ज्यांना रस असेल त्यांनी तो अवश्य पाहावा.

मग प्रश्न असा पडतो की रक्ताचा थेंब जर नाव सांगू शकतो, तर वस्तूंचे काय काम उरले? गाफिच यांचे काम या प्रश्नापासून सुरू होते.

*

गाफिच यांचा जन्म १९८० चा, सारायेव्हो शहरातला. म्हणजे त्या शहराला वेढा पडला तेव्हा ते बारा वर्षांचे होते. कबरींतून निघालेल्या वस्तूंचे छायाचित्रण करून त्यांची एक खुली सूची आंतरजालावर उभी करावी, जिवंत राहिलेल्यांना ती चाळता यावी आणि कुणाला आपले माणूस त्यात दिसलेच तर दिसावे, असा त्यांचा हेतू होता. ‘क्वेस्ट फॉर आयडेंटिटी’ हे या कामाचे नाव. २०१४ मध्ये त्यांनी एका जाहीर व्याख्यानात त्याची हकीकत मांडली, तेव्हा ते जगभर माहीत झाले. तपासाच्या दृष्टीने या वस्तू पुरावा होत्या, आणि खटले संपले की पुराव्याला कुणी वाली उरत नाही. ही भीती अनाठायी नव्हती. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या ताब्यात असलेल्या स्रेब्रेनित्साच्या काही वस्तू, त्या कुजून आरोग्याला अपायकारक झाल्या म्हणून, नष्ट करण्यात आल्या होत्या. २००९ मध्ये हे उघड झाले तेव्हा नातेवाइकांनी मोठा आक्रोश केला.

त्याच न्यायाधिकरणात या वस्तूंनी साक्षही दिली होती. मृतांच्या मनगटांवरची काही घड्याळे हाताच्या हालचालीने चावी भरली जाणारी होती. असे घड्याळ हात थांबल्यावर साधारण एक-दोन दिवस चालते आणि मग बंद पडते. त्यावर वार आणि तारीख दाखवणारी खिडकी असते. ही घड्याळे ज्या वार-तारखेला थांबली होती ती जुलै १९९५ च्या मध्याशी जुळत होती. ‘हे लोक लढाईत मेले’ असे म्हणणाऱ्यांना इतर पुराव्यांबरोबर, डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्यांबरोबर, या थांबलेल्या घड्याळांनीही उत्तर दिले. ऑगस्ट २००१ मध्ये जनरल क्रस्तिच यांच्या खटल्यात न्यायालयाने जे घडले त्याला वंशसंहार म्हटले.

म्हणजे एकाच घड्याळाकडे पाहणारे निदान तिघे आहेत. न्यायाधीश पाहतो तेव्हा घड्याळ तारीख सांगते. शास्त्रज्ञ पाहतो तेव्हा ते एका क्रमांकाच्या पिशवीतली वस्तू असते. आणि कुणी एक बाई पाहते तेव्हा ते एकतर ‘त्याचे’ असते किंवा ‘त्याचे नसते’. तिसरा पर्याय तिच्यापाशी नाही. छायाचित्रकाराला या तिघांसाठी जागा ठेवायची आहे. म्हणून गाफिच यांनी स्वतःची शैली मागे घेतली असावी असे आम्हांला वाटते. घड्याळावर तिरपा प्रकाश टाकला, अर्धे अंधारात ठेवले, तर ते प्रदर्शनात शोभून दिसेल. पण पट्ट्याला पडलेले नवे भोक त्या अंधारात गेले तर ज्या बाईने ते खिळ्याने पाडले तिला ते दिसणार नाही. येथे सुंदर दिसणे हा दोष ठरू शकतो.

नेहमीच ठरतो असे मात्र नाही, हे लगेच सांगायला हवे. मियाको इशिऊची या जपानी छायाचित्रकार बाई २००७ मध्ये हिरोशिमाच्या शांतता-स्मारक संग्रहालयात गेल्या आणि तिथे जतन केलेले कपडे त्यांनी रंगीत टिपले. त्याआधी त्यांनी आपल्या दिवंगत आईच्या वस्तूंची छायाचित्रे काढली होती. फुलाफुलांचा झगा, विरलेले रेशीम, त्यामागून येणारा प्रकाश. हिरोशिमाचे नाव काळ्या-पांढऱ्याशी जोडलेल्यांना हे रंग खटकले. पण तिथले कपडे बहुतांशी ज्यांनी दान दिले त्यांना ठाऊक होते की ते कुणाचे. ओळख पटून चुकली होती. तेव्हा कपड्याला त्याचे मूळचे नटणे परत देणे हे काम उरले होते, आणि ते इशिऊची यांनी केले. त्याच शहरात एका मातीच्या उंचवट्याखाली सुमारे सत्तर हजार अनोळखी मृतांची राख आहे. त्यांच्यासाठी वेगळे छायाचित्र लागले असते. सौंदर्याची परवानगी बहुधा ओळख पटल्यानंतर मिळते, आधी नाही.

*

आता वर्गाकडे परत जाऊ. विद्यार्थ्यांनी गोष्टी लिहिल्या. चांगल्या लिहिल्या. एकाने घड्याळाची गोष्ट लिहिली. त्यात लग्नात सासऱ्यांनी दिलेले घड्याळ होते, गोळीचा आवाज होता आणि टिकटिक चालूच राहिली होती. दुसऱ्याने चष्मा निवडून गावातला म्हातारा शिक्षक उभा केला. आम्ही त्या वर्गात वाचून दाखवल्या. कुणाचे डोळे भरून आले. आम्ही उदार हाताने गुण दिले.

एका मुलीने मात्र दोन ओळी लिहिल्या होत्या. तिनेही चष्माच घेतला होता. पहिल्या ओळीत तिने जे दिसते तेवढे नोंदले होते: काच, दांडी, माती. दुसरी ओळ अशी: ‘हा चष्मा मी ओळखत नाही.’

आम्ही तिला विचारले, “पुढे?”

ती म्हणाली, “सर, पुढचं लिहिलं असतं तर ते माझं झालं असतं. कुणी ओळखायला येणार असेल तर?”

आम्हांला ते टाळाटाळीचे उत्तर वाटले. दहापैकी तीन गुण दिले आणि समासात ‘कल्पनाशक्ती वापरावी’ असा शेरा लिहिला. ती काही बोलली नाही.

*

या प्रसंगानंतर बऱ्याच दिवसांनी जुन्या घराची आवराआवर करताना एक पत्र्याची ट्रंक उघडली आणि तीत काळा अल्पाकाचा कोट मिळाला. तो पाहताच आम्हांला ती मुलगी आठवली. असे का झाले ते सांगतो.

आमच्या वडिलांचे एक काका दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या रसद खात्यात हिशेबनीस म्हणून लागले. त्यांना ब्रह्मदेशात पाठवले. १९४२ च्या माघारीत ते कुठे गेले, कुणाला कळले नाही. घरी एक कागद आला. त्यात ‘बेपत्ता’ असा शब्द होता. रंगूनजवळच्या एका स्मारकावर, ज्यांना कबर मिळाली नाही अशा सुमारे २७,००० सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांत त्यांचे नाव आहे की नाही हे पाहायला आमच्या घरातून कधी कुणी गेले नाही.

त्यांच्या पत्नीला आम्ही काकूआजी म्हणत असू. बेपत्ता माणूस मेला असे मानायला कायदा सात वर्षे थांबतो, धर्मशास्त्र बारा. बारा वर्षांनी, म्हणजे १९५४ मध्ये, घरातल्या वडीलधाऱ्यांनी पालाशविधी करायचे ठरवले. पळसाची ३६० पाने देठांसकट रचून माणसाचा आकार करतात आणि त्यालाच अग्नी देतात. शरीर मिळाले नाही त्याचे हे शरीर. वडील तेव्हा लहान होते, पण त्यांना तो दिवस नीट आठवत असे. त्या पुतळ्यावर घालायला गेलेल्या माणसाचे वस्त्र असावे असे कुणीतरी सुचवले. काकूआजींकडे कोट मागितला. त्या आत गेल्या आणि एक नवे कोरे धोतर घेऊन आल्या. “हे घाला,” म्हणाल्या. कोट त्यांनी दिला नाही. विधी झाला, त्यांचे कुंकू पुसले गेले, आणि कोट ट्रंकेत राहिला.

आमच्या लहानपणी, उन्हे द्यायला कपडे काढले की तो कोट बाहेर यायचा. एकदा आम्ही विचारले, “काकूआजी, हा कोट आजोबांचाच कशावरून?” पोरकट प्रश्न होता. त्यांनी उजव्या हाताचे कोपर उलटे करून दाखवले. तिथे रफू होते. काळ्या कापडावर गडद निळा दोरा. “काळा दोरा संपला होता,” त्या म्हणाल्या. “दिव्याच्या उजेडात कळलं नाही. सकाळी कळलं. ते म्हणाले, राहू दे, कोण बघतंय.”

त्यांनी कोट का दिला नाही, याचे स्पष्टीकरण आम्ही आजवर अनेक प्रकारे केले होते: प्रेम, हट्ट, आशा. बोस्नियातल्या बायकांविषयी वाचल्यावर वाटले की कारण याहून व्यावहारिक असेल. उद्या कुणी दुसरा कोट घेऊन आला, ‘हा त्यांचा’ म्हणाला, तर ताडून पाहायला त्यांच्यापाशी आपला हात असायला हवा होता. रफूचा नमुना त्या जपत होत्या. कुणी आले नाही, ही गोष्ट वेगळी.

येथे एक फरक विसरता कामा नये. आमचा कोट युद्धावर गेलाच नाही. तो घरी राहिला आणि माणूस गेला. स्रेब्रेनित्साच्या वस्तू माणसाबरोबर गेल्या आणि त्याच्यापेक्षा आधी परतल्या. दोन्ही दुःखे एकमेकांवर ठेवून मोजण्याची नाहीत. शिवाय तिथे जे झाले तो गुन्हा होता, ठरवून केलेला, आणि आजही तो नाकारणारे लोक आहेत. काकूआजींच्या नशिबी आलेली अनिश्चितता पराभवाच्या धांदलीतून आली. त्या बायकांची अनिश्चितता यंत्रे लावून निर्माण केली गेली. तरी टाका ओळखण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे.

*

साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून आपल्याला एक सवय जडलेली असते. पुढे आलेली कोणतीही संहिता आपल्यासाठीच आहे असे आपण धरून चालतो. वाचकाने रिकाम्या जागा भराव्यात, अर्थनिर्मितीत भाग घ्यावा, हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो, आणि ते खोटे नाही. पण गाफिच यांच्या छायाचित्रातली रिकामी जागा सर्वांसाठी नाही. ते छायाचित्र एकाच वाचकाची वाट पाहत आहे. तो वाचक कदाचित साठी-सत्तरीची बाई असेल, कदाचित ती हयातही नसेल. ती येऊन ‘हे माझे टाके’ म्हणेपर्यंत ती जागा मोकळी राहिली पाहिजे. आम्ही वर्गात बसून त्या जागेत सासरे बसवले, शिक्षक बसवले, टिकटिक बसवली. करुणेने बसवली, पण बसवली.

मग इतरांनी ही छायाचित्रे पाहूच नयेत काय? तसे नाही. न्यायालयाला पाहणारे लागतात, आणि नाकारणाऱ्यांच्या जगात साक्षीदार जितके अधिक तितके बरे. पण पाहणाऱ्याने आपली जागा ओळखावी. आपल्याला ही वस्तू ओळखता येत नाही, हे मान्य करून तिच्याकडे नीट पाहत राहणे, हे वाचनच आहे. आणि ते सोपे नाही, कारण त्यात आपल्याला रडू येण्याचे समाधान मिळत नाही. त्या मुलीने तेच केले होते. तिच्या दोन ओळींना आम्ही तीन गुण दिले.

असो. गेल्या पावसाळ्यात कोटाला कसर लागल्याचे दिसले. आणखी काही वर्षांनी तो हाती लागणार नाही, म्हणून त्याचे छायाचित्र काढून ठेवावे असे ठरवले. पहिले छायाचित्र खिडकीशी काढले. कोट खुंटीवर, दुपारचे ऊन खांद्यावर, बाही लोंबलेली. फारच सुरेख आले. घरातल्यांना दाखवले, सगळ्यांना आवडले. कोपर सावलीत गेले होते.

दुसऱ्या दिवशी पलंगावर पांढरी चादर अंथरली. कोट सपाट पसरला, बाही वळवून कोपर वर आणले, शेजारी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी ठेवली आणि खुर्चीवर उभे राहून वरून छायाचित्र घेतले. बघायला त्यात काही नाही. रफू दीड इंच लांब आहे. दोरा निळा आहे, हे स्पष्ट दिसते.